पर्थला नवीन आलात? आधी रेटिकचा डबा उघडा

पर्थला येणारी मराठी माणसं मला शाळा विचारतात, गव्हाचं पीठ कुठलं चांगलं ते विचारतात, कॅनिंग व्हेलला राहू की हॅरिसडेलला ते विचारतात. लॉनबद्दल कुणीही विचारत नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन येतो, "ताई, भाड्याच्या घराचा एजंट म्हणतोय गवत मेलं, पैसे भरा." तोवर करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते.

'रेटिक' म्हणजे रेटिक्युलेशन, जमिनीखालून गेलेले पाइप आणि त्यावरचे स्प्रिंकलर. इथे सगळे रेटिकच म्हणतात. भाड्याच्या बहुतेक स्वतंत्र घरांना ते असतंच. गॅरेजच्या भिंतीवर किंवा बाहेर मीटरच्या पेटीशेजारी एक करड्या रंगाचा डबा दिसेल, आत छोटा स्क्रीन आणि एक गोल चकती. तो कंट्रोलर. आपल्यातले निम्मे लोक घर सोडेपर्यंत तो उघडून बघत नाहीत.

आधी नियम, कारण तो सोपा आहे. 1 जून ते 31 ऑगस्ट स्प्रिंकलर पूर्ण बंद. बाकीचे नऊ महिने आठवड्यातून दोन दिवस, आणि त्या दिवशी एकदाच, सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर. दिवस घराच्या नंबरवरून ठरतात, शेवटचा आकडा बघायचा. 1 किंवा 8 असेल तर बुधवार आणि शनिवार. 2 किंवा 9 असेल तर गुरुवार आणि रविवार. 3 किंवा 0 ला सोमवार आणि शुक्रवार. 4 ला मंगळवार आणि शनिवार. 5 ला बुधवार आणि रविवार. 6 ला सोमवार आणि गुरुवार. 7 ला मंगळवार आणि शुक्रवार. मोडलात तर 100 डॉलर दंड. पाणीपुरवठा करणाऱ्या वॉटर कॉर्पोरेशनची माणसं पहाटे गाडीतून फिरत असतात, आणि शेजारीही कळवतात. शेजाऱ्यांनी कळवलं तर रागावू नका, इथे ती चहाडी समजत नाहीत. गावाकडे कालव्याचं पाणी पाळीनं येतं तेव्हा दुसऱ्याच्या पाळीत दार उघडणाऱ्याला कोण सोडतं?

हातात नळी धरून झाडांना पाणी घालायला दिवसाचं बंधन नाही. नळीला दाबून चालू-बंद होणारा नॉझल लावा. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. दुसऱ्या कुठल्या गावात राहायला गेलात तर तिथले दिवस वेगळे असू शकतात. मी लिहितेय ते पर्थ आणि मँडुराच्या भागाबद्दल.

ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांना वाटतं आपण सुटलो. नाही. 2022 च्या सप्टेंबरपासून बोअरवाल्यांनाही दोनच दिवस आहेत, हिवाळ्यातली बंदीही आहे. बोअरचं घर ओळखायला सोपं, कुंपणावर आणि भिंतीवर गंजासारखा तांबूस पट्टा दिसतो. पाण्यातल्या लोखंडाचे डाग आहेत ते. घर भाड्याने घेताना असे डाग दिसले तर कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे घर ताब्यात घेतानाच्या स्थितीच्या नोंदीत, लिहून घ्या, नाहीतर जाताना तुमच्या नावावर जातील.

आता जून ते ऑगस्टच का? त्या महिन्यांत इथेही पाऊसच असतो. आपल्याकडे मृगाच्या सरी येतात त्याच सुमाराला पर्थमध्ये पाऊस धरतो, फक्त इथे तेव्हा थंडी असते आणि अंधार लवकर पडतो. वर्षाचा बहुतेक पाऊस मे ते सप्टेंबरमध्ये होऊन जातो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडं ठणठणीत. आपल्या डोक्यात 'पाऊस म्हणजे उकाडा संपला' असं गणित बसलेलं असतं, म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांचा गोंधळ होतो. आषाढातलं आभाळ भरून आलेलं दिसतं आणि अंगावर स्वेटर असतो. पण पाण्याच्या हिशेबापुरतं आपलं जुनं कॅलेंडर ढोबळमानाने चालतं: आषाढ-श्रावणात स्प्रिंकलर बंद. नेमक्या तारखा मात्र वरच्याच पाळा, 1 जून ते 31 ऑगस्ट.

दोनच दिवस का, हे मात्र लोकांना पटत नाही. "समोर एवढा समुद्र, खाणीत एवढा पैसा, मग पाण्याची कसली टंचाई?" हे मी आपल्याच माणसांकडून कितीदा ऐकलंय. तर ऐका. 1970 च्या दशकापासून इथला पाऊस साधारण 15 ते 20 टक्क्यांनी घटला. तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण पाऊस थोडा घटला की धरणात येणारं पाणी खूप घटतं, कारण तापलेली, कोरडी डोंगरउताराची जमीन पहिला पाऊस स्वतःच पिऊन टाकते. ओढे वाहायला लागायच्या आत पाऊस संपतो. धरणांत वाहून येणारं पाणी पूर्वीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर आलंय. पाहुणे आले की आपण त्यांना मंडारिंगचं धरण दाखवायला नेतो, 1903 साली तिथून पार कॅलगुर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पाणी नेलं होतं. पण तुमच्या नळाला आता धरणाचं पाणी फार कमी येतं. जमिनीखालचं पाणी आणि समुद्राचं गोडं केलेलं पाणी, यावर शहर चालतं. समुद्राचं पाणी गोडं करायचा पहिला मोठा प्रकल्प 2006 साली क्विनानाला, दुसरा 2011 साली बिनिंगपला, आणि उत्तरेला अल्किमोसला तिसऱ्याचं काम चालू आहे. 2017 पासून सांडपाणीसुद्धा शुद्ध करून परत जमिनीत सोडतात. म्हणजे समुद्र आहेच, पण तो पिण्याजोगा करायला वीज लागते आणि पैसे लागतात. आणि एवढं महागाचं पाणी घरोघरी कुठे जातं? साधारण 40 टक्के बागेत. म्हणून बंधन बागेवर.

मी सोलापूरची. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं आणि त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं असतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. अशा ठिकाणची माणसं इथे आली की दोनपैकी एक काहीतरी होतं. काही जण चोवीस तास पाणी बघून सुटतात, ड्राइव्ह-वे नळीनं धुतात, भांडी वाहत्या नळाखाली घासतात, आणि "बिल भरतोय ना" म्हणतात. काही जण उलट टोकाला जातात, गवताला पाणी घालणं म्हणजे पापच, असं धरून बसतात. "माणसांना पाणी नाही आणि हे गवताला घालतात!" मनातून मीही याच दुसऱ्या गटातली. पण भाड्याच्या घरात हे तत्त्व फार महाग पडतं.

भाड्याच्या घराचं काय असतं ते सांगते. करारात बागेची निगा तुमच्याकडे असते, म्हणजे पाणी, कापणी, तण काढणं. पाण्याचं वापराचं बिलही साधारणपणे तुम्हीच भरता, घरमालक फक्त ठरावीक आकार भरतो. त्यामुळे भाडेकरूला दोन्हीकडून बसतं. पाणी घातलं तर बिल तुमचं, नाही घातलं तर गवत तुमचं. आणि बाँड, म्हणजे अनामत, म्हणून चार आठवड्यांचं भाडं आधीच जमा असतं.

माझ्या पाहण्यात सगळ्यात महाग पडलेली चूक एकच आहे, आणि ती दरवर्षी कुणीतरी नव्याने करतं. डिसेंबरमध्ये शाळा सुटतात, तिकिटं काढलेली असतात, पाच-सहा आठवडे भारतात जायचं असतं. निघताना आपली सवय काय? गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. हॅरिसडेलच्या एका कुटुंबाने अगदी असंच केलं. मीटरजवळचा मुख्य नळ फिरवून बंद केला, फ्रिज रिकामा करून विजेचा मेन स्विच पाडला आणि विमानात बसले. वर्षातले सगळ्यात कोरडे, सगळ्यात तापलेले आठवडे. पारा चाळिशीला टेकतो, पावसाचा थेंब नाही. परत आले तेव्हा पुढचं-मागचं गवत पेंढा झालेलं. दोनच महिन्यांनी घर सोडायचं होतं. एजंटने नवीन लॉन टाकण्याचा खर्च लावला आणि बाँडमधला मोठा भाग गेला. त्यांच्याकडे राहायला आले तेव्हाचे लॉनचे फोटोही नव्हते, वाद घालणार कशावर?

म्हणून पुन्हा सांगते. उन्हाळ्यात भारतात जाताना पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा नाही. रेटिकची वीज बंद करायची नाही. फ्रिज, गीझर, टीव्ही काय ते एकेक बंद करा, पण गॅरेजचं सर्किट चालू ठेवा. आणि कुणाला तरी किल्ली देऊन जा, आठवड्यातून एकदा येऊन नुसतं बघून जायला. गवत हिरवं आहे ना, एवढंच बघायचं असतं. आपल्यातलं कुणीतरी जानेवारीत इथे असतंच. त्यांना परत येताना चितळ्यांची बाकरवडी आणा, काम होतं.

घर ताब्यात घेताना दोन गोष्टी त्याच दिवशी करा. पाण्याच्या मीटरचा फोटो काढा, आकडा स्पष्ट दिसेल असा. मीटर बहुतेक पुढच्या बाजूला जमिनीलगत असतो, कधी गवतात बुडालेला. आणि लॉनचे, कुंपणाचे, झाडांचे भरपूर फोटो काढा. कंडिशन रिपोर्ट हातात आल्यावर सात दिवसांत तुमचे शेरे लिहून परत द्यायचा असतो. आपली माणसं आत भिंतीवरचे ओरखडे शोधत बसतात आणि बाहेर 'लॉन: चांगलं' असं छापलेलं तसंच सोडून सही करतात. बाहेर जा. कुठे टक्कल पडलंय, कुठे वाळू दिसतेय, कुठला स्प्रिंकलर तुटलाय, ते लिहा. मग एजंटकडून रेटिक एकदा चालू करून दाखवायला सांगा. संकोच करू नका. इथे विचारणाऱ्याला कुणी आगाऊ म्हणत नाही.

रेटिक बिघडलं तर दुरुस्ती मालकाची, पण कळवायचं काम तुमचं, आणि ईमेलनेच. फोनवर "हो हो, बघतो" झालेलं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. ईमेल गेल्यावर दुरुस्ती होईपर्यंत नळीनं पाणी घालत राहा आणि त्याचाही उल्लेख ईमेलमध्ये करा. एक एजंट आमच्या ओळखीच्यांना आठवडेच्या आठवडे टोलवत होता. त्यांच्याकडे तारखांसकट ईमेल होते, म्हणून शेवटी त्यांच्या बाँडमधून गवतासाठी काही गेलं नाही.

आता तो डबा. बहुतेक कंट्रोलरची तऱ्हा एकच असते, कंपनी कुठलीही असो. बागेचे भाग पाडलेले असतात, प्रत्येक भागाला 'स्टेशन' म्हणतात. स्टेशन 1 पुढचं लॉन, 2 रस्त्याकडची पट्टी, 3 मागचं, असं काहीतरी. आणि 'प्रोग्रॅम' असतात ए, बी, सी. तुम्हाला फक्त ए लागतो. त्यात तीन गोष्टी भरायच्या: कुठले दिवस, किती वाजता सुरू, प्रत्येक स्टेशन किती मिनिटं.

इथे एक जबरदस्त गफलत होते आणि शिकलेली, इंजिनिअर माणसंसुद्धा करतात. 'स्टार्ट टाइम' 1, 2, 3, 4 असे रकाने दिसतात. लोकांना वाटतं स्टेशन 1 ची वेळ पहिल्या रकान्यात, स्टेशन 2 ची दुसऱ्या. तसं नसतं. एक स्टार्ट टाइम म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅमची सुरुवात. स्टेशनं आपोआप एकामागून एक चालतात. तुम्ही चार वेळा भरल्यात तर सगळी बाग एका पहाटेत चार वेळा भिजते. बिल बघून लोक गळती शोधायला प्लंबर बोलावतात आणि निघतं हे. शिवाय दिवसातून एकदाच घालायचा नियम आहे, म्हणजे दंडाचीही सोय झाली. पहिला रकाना भरा, बाकीचे 'ऑफ' करा, आणि बी-सी प्रोग्रॅममध्येही आधीच्या भाडेकरूने काही भरून ठेवलंय का ते तपासा. बऱ्याचदा ठेवलेलं असतं.

वेळ पहाटेची ठेवा, चार-पाचची. संध्याकाळी 6 नंतर चालतं, पण उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, ज्याला इथे 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. माणसांना तो वारा औषधासारखाच लागतो, पण तुमच्या स्प्रिंकलरचं पाणी तो शेजाऱ्याच्या गाडीवर नेऊन टाकतो.

किती मिनिटं, याचं ठरावीक उत्तर नाही, कारण नॉझलप्रमाणे बदलतं. लागतं एका वेळी 10 मिलिमीटर. मोजायची रीत सोपी आहे. घरातल्या सरळ काठाच्या वाट्या किंवा डबे लॉनवर ठिकठिकाणी ठेवा, तुमच्या पाळीच्या दिवशी स्टेशन चालवा आणि पट्टीने मोजा. 10 मिलिमीटर भरायला जितका वेळ लागला तितकी मिनिटं. एका वाटीत भरपूर आणि दुसऱ्या वाटीत काहीच नाही, असं झालं तर मिनिटं वाढवू नका, स्प्रिंकलरचं तोंड साफ करा. त्यात वाळू जाऊन बसते. स्प्रिंकलरचं तोंड पिळून फवारा थोडा फिरवताही येतो. फुटपाथवर पडणारं पाणी गवताकडे वळवा.

डब्यात बहुधा 9 व्होल्टची एक बॅटरी असते. वीज गेली तर वेळ आणि तारीख लक्षात ठेवायला ती लागते. ती संपलेली असली तर वीज परत आल्यावर काही जुने कंट्रोलर त्यांच्या मूळच्या कार्यक्रमावर जातात, आणि तो रोज पाणी घालायचा असतो. तुम्ही झोपेत, रेटिक भलत्याच दिवशी चालू, आणि पुढे पोस्टाने पत्र. वर्षातून एकदा बॅटरी बदला. हिवाळ्यात 1 जूनला चकती 'ऑफ'वर फिरवा, प्लग उपटू नका. प्लग उपटला की बॅटरी संपते आणि सप्टेंबरमध्ये सगळं पहिल्यापासून भरावं लागतं.

पाणी दिवस पाळून घातलं, मिनिटं बरोबर, तरी गवत ठिपक्याठिपक्यांनी वाळतंय? मग ही वाळूची करामत. पर्थ वाळूवर बसलेलं आहे. कॅनिंग व्हेल, हॅरिसडेलच्या बाजूची ती राखाडी वाळू तर खतही धरत नाही आणि पाणीही. आपल्याला काळ्या मातीची सवय, एकदा भिजली की आठवडाभर ओल राहते. इथली वाळू एकदा कोरडी पडली की पाणी आत घेतच नाही. कुजलेल्या पाल्याचा मेणचट थर वाळूच्या कणांवर बसतो आणि पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं बाजूला जातं. खात्री करायची तर वाळलेल्या ठिकाणी बोटभर खणून बघा. वरून नुकतंच पाणी घातलेलं आणि आत पीठ निघेल. आता अशा ठिकाणी कितीही वेळ स्प्रिंकलर चालवा, सगळं वाया. इथे 'वेटिंग एजंट' लागतं, म्हणजे वाळूला पाणी शोषायला लावणारं औषध. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, नळीला जोडून फवारायचं किंवा दाणेदार असेल तर पसरून पाणी घालायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा. एवढ्यावर अर्ध्या तक्रारी संपतात. मी तर म्हणते, नवीन भाड्याच्या घरात पहिल्या किराण्याबरोबरच ते आणावं.

चाळिशीच्या आठवड्यात दोन दिवस पुरत नाहीत असं वाटलं तर पाळी मोडू नका. हातातली नळी आहे ना. वाळलेल्या ठिपक्यांना तेवढं संध्याकाळी पाजा. सगळ्या लॉनला गरज नसते. आणि गवत फार तळाशी कापू नका. आपली मुलं दहा डॉलर घेऊन कापायला येतात ती बोडकं करून जातात. लांब गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरतं.

गवताची जातही बघा. इथे लॉनला मुख्यतः किकुयू, बफेलो आणि काउच. यातलं काउच म्हणजे आपली हरळी, तीच ती, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतात ती काढता काढता आमच्या आजोबांची कंबर मोडली, आणि इथे तीच गालिच्यासारखी गुंडाळून विकतात! हिवाळ्यात काउच पिवळं-तपकिरी पडतं. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं, म्हणून जुलैमध्ये घाबरून पाणी घालू नका. एजंटच्या इन्स्पेक्शनमध्ये तसं सांगा, बहुतेकांना माहीत असतं. गणेश चतुर्थी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात येते, तेव्हा त्याला नुकते कोंब फुटत असतात. जुडीपुरत्या मिळतात. फक्त तणनाशक मारलेल्या लॉनवरच्या आणू नका.

स्वतःचं घर बांधणाऱ्यांना माझं मत सरळ सांगते: पुढे लॉन ठेवूच नका, किंवा मुलांना खेळण्यापुरतं मागे ठेवा. विकसकाकडून पुढच्या बागेचं पॅकेज मिळतं त्यात बऱ्याचदा झाडांचा पर्याय असतो. ग्रेव्हिलिया, कांगारू पॉ अशी इथली झाडं लावली तर दोन उन्हाळ्यांनंतर त्यांना तुमची फारशी गरज राहत नाही. त्यांना आपलं नेहमीचं खत घालू नका. फॉस्फरस जास्त झाला की ती मरतात. आपल्यातल्या प्रेमळ बायका शेणखत घालून घालून त्यांना मारतात.

कृत्रिम गवताचा मात्र मला राग आहे. "पाणी नको, कापणी नको" म्हणून आपल्या वसाहतीत एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने टाकलंय. जानेवारीच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. पोरं खेळत नाहीत, घर अजून तापतं, मग एसी जास्त चालतो. सगळ्या अंगणाला काँक्रीट करणाऱ्यांचंही तेच. पाणी वाचवल्याचं सांगतात आणि विजेच्या बिलाबद्दल रडतात.

रस्त्याकडची गवताची पट्टी, जिला 'व्हर्ज' म्हणतात, ती जागा कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पण राखायची तुम्ही. त्यावर काहीही करायच्या आधी कौन्सिलचे नियम वाचा. पाणी कमी लागणारी झाडं लावायला काही कौन्सिल मदतही देतात.

घरातल्या पाण्याबद्दल थोडक्यात. गाडी बादलीनं धुवा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कपडे धुतलेलं पाणी बादलीनं उचलून झाडांना घालायला परवानगी लागत नाही, भाजीपाल्यावर मात्र नको. पाइप जोडून कायमची सोय करायची असेल तर कौन्सिलची मंजुरी लागते. कढीपत्ता, शेवगा, मोगरा इथे छान येतात, कुंडीत असतील तर उन्हाळ्यात रोज हातानं पाणी.

बिल दोन महिन्यांनी येतं. दर टप्प्यांनी चढतो, वर्षाच्या 150 किलोलिटरनंतर एकदा आणि 500 नंतर पुन्हा. अचानक फुगलं तर रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहा, सकाळी बघा. मधे कुणी पाणी वापरलं नाही, रेटिकची पाळी नव्हती आणि आकडा सरकला, तर गळती. संशय पहिला संडासाच्या टाकीवर, दुसरा रेटिकच्या व्हॉल्व्हवर.

आणि डिसेंबरच्या तिकिटांचं परत एकदा. मुख्य नळ चालू. गॅरेजची वीज चालू. निघण्याच्या आधीच्या तुमच्या पाळीच्या पहाटे उठून रेटिक खरंच सुरू होतं का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. किल्ली कुणाकडे दिली ते एजंटला ईमेलने कळवा. कंट्रोलरची 9 व्होल्टची बॅटरी वूलवर्थ्स सुपरमार्केटमध्येही मिळते, तिकीट काढाल त्याच आठवड्यात आणून बसवा.